एक उतारा, पाच इंग्रजी शब्द

वाचकांच्या शंका : इंग्रजी शब्दार्थ

या वेळच्या बऱ्याच पत्रांत एकच तक्रार आहे. कोशात दोन इंग्रजी शब्दांपुढे तोच एक मराठी अर्थ छापलेला असतो, मग फरक ओळखायचा कसा? फरक बहुधा मराठी शब्दाच्या पोटातच दडलेला असतो. आपण एकच शब्द चार कामांना वापरतो आणि संदर्भावरून समजून घेतो. इंग्रजीत त्या चार कामांना चार वेगळे गडी लागतात. म्हणून आधी आपलं मराठी वाक्य नीट उलगडायचं : कुणी केलं, कुणाला केलं, किती वेळासाठी केलं. इंग्रजी शब्दाकडे त्यानंतर वळायचं.

प्रश्न : शेतीविषयक प्रकल्प अहवाल इंग्रजीत लिहितोय. 'सोयाबीनचं उत्पन्न एकरी 8 क्विंटल' याला मी 'इन्कम' लिहिलं, सरांनी खोडलं. 'प्रॉडक्शन' केलं, तेही खोडलं. क्रॉप, यील्ड, प्रॉडक्शन, प्रोड्यूस, हार्वेस्ट यांत कुठला शब्द कुठे? (विद्यार्थी, परभणी)

सरांनी दोन्ही वेळा बरोबर खोडलं. घोटाळा 'उत्पन्न' या शब्दाचा आहे. तहसीलच्या दाखल्यावरचं उत्पन्न म्हणजे पैसा, ते 'इन्कम'. 'कृषी उत्पन्न बाजार समिती'तलं उत्पन्न म्हणजे माल, म्हणून तिच्या इंग्रजी नावात 'प्रोड्यूस' आहे. आणि पारावर 'औंदा एकरी काय उत्पन्न?' असं विचारतात तेव्हा एकरामागे किती माल पडला ते हवं असतं. तो 'यील्ड'. एकाच शब्दाचे तीन धंदे!

आता एकेक घेऊ. रानात उभं आहे ते 'क्रॉप'. एकक क्षेत्रामागे जे निघतं ते 'यील्ड'. त्यामुळे यील्डच्या आकड्यापुढे 'प्रति एकर' किंवा 'प्रति हेक्टर' आलंच पाहिजे. तालुक्याचा, जिल्ह्याचा, राज्याचा एकूण आकडा म्हणजे 'प्रॉडक्शन', तो टनांत असतो, त्याला 'प्रति' लागत नाही. पेरा वाढला तर यील्ड घटूनही प्रॉडक्शन वाढू शकतं. हे दोन शब्द अदलाबदल केले तर अहवालातला निष्कर्षच उलटतो. अहवालात हेक्टरचं माप चालतं, तेव्हा तुमचे एकरी 8 क्विंटल 2.47 ने गुणा : हेक्टरी साधारण 19.8 क्विंटल.

'प्रोड्यूस' म्हणजे शेतमाल. नाम असताना जोर पहिल्या अक्षरावर, 'प्रॉड्यूस' असा. क्रियापद असताना जोर दुसऱ्यावर. या नामाला अनेकवचन नाही, त्याला शेवटी 'एस' लावू नका. आणि 'प्रॉडक्ट' म्हणजे प्रक्रिया करून केलेली वस्तू. सोयाबीन हा प्रोड्यूस, सोयाबीनचं तेल हे प्रॉडक्ट.

'हार्वेस्ट'च्या बाबतीत गंमत उलटी आहे. इथे मराठी श्रीमंत. आपण कापसाची वेचणी करतो, उसाची तोडणी, ज्वारीची काढणी, गव्हाची कापणी. इंग्रजीत या सगळ्यांना 'हार्वेस्टिंग' चालतं, कापसाला मात्र 'पिकिंग' जास्त शोभतं. मळणी यात येत नाही, ती 'थ्रेशिंग'. यंत्रात कापणी आणि मळणी एकदम होते म्हणून त्याचं नाव 'कंबाइन हार्वेस्टर'.

तुमच्या पत्राच्या तळाशी 'उतारा' या शब्दाबद्दल एक ओळ आहे, तिला खरं तर वेगळं पान द्यायला हवं. धान्याचा एकरी उतारा म्हणजे यील्ड, हे झालंच. पण साखर कारखान्यातला उतारा 'यील्ड' नाही. त्याला 'रिकव्हरी' म्हणतात आणि तो टक्क्यांत सांगतात. 100 किलो उसातून 10 किलो साखर निघाली तर रिकव्हरी 10 टक्के. म्हणजे उसाला दोन आकडे : शेतकऱ्याचं टनेज म्हणजे यील्ड, कारखान्याचा उतारा म्हणजे रिकव्हरी. टनेज चांगलं आणि रिकव्हरी पडलेली, असं सर्रास होतं, कारण तोडलेला ऊस गाळपाला जायला उशीर झाला की त्यातली साखर घटते.

सातबाराचा उतारा म्हणजे 'एक्स्ट्रॅक्ट', मूळ नोंदवहीतून काढून दिलेला भाग. परीक्षेत 'खालील उतारा वाचा' म्हणतात तो 'पॅसेज'. विषावरचा उतारा म्हणजे 'अँटिडोट'. कीटकनाशकाच्या डब्यासोबतच्या माहितीपत्रकात हा शब्द शोधा आणि दवाखान्यात जाताना तो कागद किंवा डबा सोबत न्या, डॉक्टरला विषाचा प्रकार त्यावरून कळतो. राहिला तिठ्यावर ठेवलेला लिंबू-भाताचा उतारा. त्याला इंग्रजीत तयार शब्द नाही, दोन ओळींत समजावून सांगा आणि पुढे चला.

प्रश्न : 'कॅन यू बॉरो मी युअर पेन?' हे चुकीचं का? बॉरो म्हणजे उसनंच ना? (इयत्ता दहावी, परळी)

उसनंच. पण मराठीत 'उसनं' घेतातही आणि देतातही. दिशा सांगण्याचं काम 'घेणं' आणि 'देणं' करतं. इंग्रजीत ही दिशा शब्दातच बसवलेली आहे. वस्तू माझ्याकडे येते ते 'बॉरो', माझ्याकडून जाते ते 'लेंड'. तुझ्या वाक्यात पेन देणारी मैत्रीण आहे, म्हणून 'विल यू लेंड मी युअर पेन?' नाहीतर कर्ता बदल : 'कॅन आय बॉरो युअर पेन?' दोन्ही बरोबर.

सोबतचे शब्दही पाठ असू दे. बॉरो 'फ्रॉम', लेंड 'टू'. लेंडचा भूतकाळ 'लेंट'. बँक लेंड करते, शेतकरी बॉरो करतो. एक लेंडर, दुसरा बॉरोअर. घेतलेली वस्तू 'रिटर्न' करायची, पैसे 'रिपे'. शेजारून आणलेली वाटीभर साखर तीच परत जात नाही, तरी तिला बॉरोच म्हणतात. जागेवरून हलत नाही अशी गोष्ट मात्र बॉरो करता येत नाही. शेजारच्यांचा नळ वापरायचा असेल तर 'कॅन आय यूज युअर टॅप?'

याच पत्रासोबत औशाच्या एका वाचकाची शंका घेऊ : भाड्याने घेणं म्हणजे हायर, रेंट की लीज? मुदत पाहा. एखाद्या कामापुरता, तासावर, चालकासह ट्रॅक्टर लावला तर 'हायर'. लातूरला शिकवणीसाठी आलेल्या मुलाने महिन्याच्या भाड्यावर खोली घेतली तर 'रेंट'. कागद करून, ठरावीक वर्षांसाठी दुकानाचा गाळा किंवा जमीन घेतली तर 'लीज'. ठोक्याने केलेली शेती लीजमध्ये बसते, कारण रक्कम आधीच ठरते. बटई बसत नाही. तिथे पिकाचा वाटा ठरतो, पैसा नाही, म्हणून ती 'शेअरक्रॉपिंग'. रेंट हा शब्द आपल्या 'उसन्या'सारखाच दुतोंडी आहे : भाडेकरूही रेंट करतो, मालकही. मालकाची बाजू स्पष्ट करायची तर 'रेंट आउट' लिहा. दारावरच्या 'टू-लेट' पाटीतलं 'लेट' म्हणजेही भाड्याने देणंच, उशिराशी त्याचा संबंध नाही.

प्रश्न : निबंधात '1972 चा दुष्काळ' याला 'फॅमिन' लिहावं की 'ड्रॉट'? बातम्यांत 'स्कार्सिटी'ही दिसतं. (स्पर्धा परीक्षेचा उमेदवार, बीड)

'ड्रॉट' लिहा. कारण समजलं की पुढे चुकणार नाही.

ड्रॉट म्हणजे पावसाची तूट, आपलं अवर्षण. ते आभाळात घडतं आणि मोजता येतं : पाऊस सरासरीच्या 75 टक्क्यांखाली गेला की हवामान खातं त्याला ड्रॉट म्हणतं, तूट 50 टक्क्यांपर्यंत असेल तर मध्यम, त्यापुढे तीव्र. फॅमिन म्हणजे अन्नाचा दुष्काळ : माणसं मोठ्या संख्येने उपाशी राहणं आणि मरणं. ते माणसांत घडतं. दोन्ही शब्द 'दुष्काळ' या एकाच शब्दात आपण कोंबतो.

एकाशिवाय दुसरं होऊ शकतं, हे ध्यानात घ्या. आयर्लंडमध्ये 1845 पासून जे झालं ते फॅमिन, पण त्याचं कारण अवर्षण नव्हतं. बटाट्यावर करपा पडला आणि बटाट्यावरच जगणारी गरीब माणसं मेली. उलट 1972 ला महाराष्ट्रात पाऊस गेला, पीक गेलं, लोकांनी परदेशातून आलेली मिलो नावाची ज्वारी आणि केंद्रांवर वाटलेली सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक आहार, खाल्ली, खडी फोडली, पाझर तलाव खोदले. हाल प्रचंड झाले, पण कामं आणि धान्य पोचल्यामुळे मोठ्या प्रमाणावरचे भूकबळी टळले. म्हणून इंग्रजी लिखाणात तो बहुतेक ठिकाणी ड्रॉटच असतो. रोजगार हमी योजना त्याच काळातून पुढे आली आणि 1977 साली तिचा कायदा झाला.

'स्कार्सिटी' म्हणजे टंचाई, कशाचीही : पाण्याची, चाऱ्याची, खताची. पण सरकारी कागदात या शब्दाला वेगळं वजन आहे. महाराष्ट्राने 1963 साली चक्क कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्दच काढून टाकला आणि त्या जागी 'स्कार्सिटी' आणला. त्यामुळे त्यानंतरच्या जुन्या शासकीय कागदांत 'टंचाईग्रस्त', 'टंचाईसदृश' अशी भाषा दिसते. शब्द बदलल्याने भूक कमी होत नाही, पण शासनाची जबाबदारी कुठून सुरू होते ते मात्र बदलू शकतं. निबंधात हा एक मुद्दा घाला, परीक्षकाला वेगळं काही वाचायला मिळेल.

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, त्या प्रसंगाला 'वॉटर स्कार्सिटी' बरोबर. त्यामागचं कारण 'ड्रॉट'. 'फॅमिन' तिथे साफ चूक. आणि पावसाने मध्येच तीन आठवडे ओढ दिली तर त्याला थेट ड्रॉट म्हणू नका. तो 'ड्राय स्पेल', आपला खंड. झडीनंतर हवीहवीशी येते ती उघडीप निराळी, तिला 'ब्रेक इन द रेन' पुरे.

प्रश्न : मी पर्यटकांना अजिंठा दाखवतो. 'एका इंग्रज अधिकाऱ्याने लेण्यांचा शोध लावला' हे 'इन्व्हेंटेड' म्हणून सांगितलं तर पाहुणे हसले. (फर्दापूर)

हसण्याचं कारण असं की 'इन्व्हेंट' म्हणजे आधी नव्हतं ते नव्याने बनवणं, जसं वाफेचं इंजिन. आधीपासून होतं पण ठाऊक नव्हतं, ते सापडणं म्हणजे 'डिस्कव्हर'. मराठीत दोन्हींना 'शोध'. बारीक कान असेल तर मराठीतही फरक ऐकू येतो : शोध 'लागतो' तेव्हा बहुधा डिस्कव्हर, शोध 'लावतो' तेव्हा दोन्ही शक्य.

अजिंठ्यासाठी 'डिस्कव्हर'ही थोडं खटकतं. जॉन स्मिथ 1819 साली शिकारीच्या निमित्ताने तिथे पोचला हे खरं, पण आसपासच्या लोकांना लेणी माहीत होतीच. म्हणून 'रीडिस्कव्हर्ड' म्हणा, किंवा 'केम अपॉन'. दुसरा शब्द अधिक प्रामाणिक, कारण तो वाघामागे आला होता, लेण्यांमागे नव्हे.

'शोध'चे आणखी तीन अवतार तुम्हाला लागतील. हरवलेलं शोधणं म्हणजे 'सर्च फॉर' किंवा 'लुक फॉर'. यातलं 'फॉर' गाळू नका : 'द पोलीस सर्च्ड फॉर हिम' म्हणजे त्याला हुडकलं, 'द पोलीस सर्च्ड हिम' म्हणजे त्याची झडती घेतली. माहिती काढणं म्हणजे 'फाइंड आउट' आणि वस्तू सापडणं म्हणजे नुसतं 'फाइंड'. गाडीची वेळ 'फाइंड आउट' करायची, पडलेली किल्ली 'फाइंड' करायची.

तुमच्या कामाचे अजून दोन शब्द. लेणी बांधलेली नाहीत, कोरलेली आहेत. 'बिल्ट' म्हटलं की दगडावर दगड रचल्याचं चित्र उभं राहतं. वेरूळचं कैलास, म्हणजे 16 क्रमांकाचं लेणं, वरून खाली कोरत आणलंय, त्याला 'रॉक-कट टेम्पल' किंवा 'कार्व्ह्ड' म्हणा. अभ्यासकांच्या पुस्तकात 'एक्स्कव्हेटेड' दिसेल. अर्थ तोच, पण तेर गावात मातीखालचे अवशेष उकरले त्यालाही 'एक्स्कव्हेशन' म्हणतात, म्हणून साध्या पर्यटकापुढे तो शब्द टाळलेला बरा. दुसरं, अजिंठ्याच्या चित्रांना सगळे 'फ्रेस्को' म्हणतात. फ्रेस्को म्हणजे ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर, तो वाळण्याआधी रंगवलेलं चित्र. अजिंठ्यात माती, भुसा आणि वनस्पतींचे धागे यांचा लेप, त्यावर पातळ पांढरा हात, आणि तो सुकल्यावर रंग. 'म्युरल' म्हणा. भिंतीवरच्या कुठल्याही चित्राला तो शब्द लागतो आणि जाणकार पाहुणा तुम्हाला अडवणार नाही.

प्रश्न : राइज आणि रेज नेहमी उलटे पडतात. (शिक्षिका, पैठण)

तुमच्या दारातच उदाहरण आहे. नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात, पाणी वाढलं : 'द वॉटर रोज'. म्हणून जायकवाडीचे दरवाजे उचलले : 'दे रेज्ड द गेट्स'. पाणी आपलं आपण वाढतं, दरवाजा कुणीतरी उचलावा लागतो. मराठीत ही जोडी रोजच्या वापरात आहे : उठणं-उठवणं, वाढणं-वाढवणं, पडणं-पाडणं. जिथे मराठी क्रियापदात 'व' येतो किंवा 'प'चा 'पा' होतो, तिथे इंग्रजीत दुसरा शब्द. वर्गात याच जोड्या फळ्यावर मांडा.

रूपं अशी : राइज, रोज, रिझन. रेज, रेज्ड, रेज्ड. पडणं-पाडणं या जोडीत एक खड्डा आहे. झाड पडलं, 'द ट्री फेल'. झाड पाडलं, 'दे फेल्ड द ट्री'. पहिल्याचा भूतकाळ तोच दुसऱ्याचा वर्तमानकाळ. लाय आणि ले यांच्यातही हेच : पडून राहणं 'लाय', त्याचा भूतकाळ 'ले', ठेवणं 'ले', त्याचा भूतकाळ 'लेड'. मुलं इथेच घसरतात, कारण त्यांनी रूपं पाठ केलेली असतात, वाक्यं नाही.

दरवाजे 'बाय' दोन फूट उचलले आणि 'टू' दोन फूट उचलले यांतही फरक आहे. 'बाय' म्हणजे होते तिथून आणखी दोन फूट, 'टू' म्हणजे एकूण दोन फुटांपर्यंत. दरवाजा आधीच एक फूट उघडा असेल तर पहिल्यात तो तीन फुटांवर जाईल. नदीकाठच्या गावाला हा फरक महागात पडेल. जाता जाता, 'धरण भरलं' याला 'द डॅम इज फुल' असं भारतीय वर्तमानपत्रं लिहितात आणि ते कळतं. काटेकोरपणे डॅम म्हणजे भिंत, भरतो तो 'रिझर्व्हॉयर'. आणि बातमीतला क्युसेक (सेकंदाला एक घनफूट) हा विसर्गाचा वेग असतो, टीएमसी (एक अब्ज घनफूट) हा साठा. साधारण 11,574 क्युसेकने सलग 24 तास पाणी सोडलं की एक टीएमसी जातं.

प्रश्न : से, टेल, स्पीक, टॉक? (उमरगा)

हे मराठवाड्याच्या माणसाला सोपं जावं. म्हणणं 'से', सांगणं 'टेल', बोलणं 'स्पीक' किंवा 'टॉक'. मुंबईकडे 'तो मला बोलला की' असं सर्रास ऐकू येतं, तिथे हा धागा सुटतो. तुमच्याकडे 'म्हणला' शाबूत आहे, त्याचा फायदा घ्या. टेलला लगेच माणूस लागतो, मध्ये 'टू' नको : 'टेल मी'. सेला माणूस जोडायचा तर 'टू' हवाच : 'ही सेड टू मी'. भाषेला 'स्पीक', गप्पांना 'टॉक'. खोटं मात्र 'टेल अ लाय'.

प्रश्न : अर्जात 'आय वर्क हार्डली' लिहिलं. बरोबर? (जालना)

अजून पाठवला नसेल तर थांबा. त्याचा अर्थ 'मी जेमतेमच काम करतो' असा होतो. राबण्याला 'वर्क हार्ड', शेपूट नको. 'लेट' उशिरा, 'लेटली' अलीकडे. 'निअर' जवळ, 'निअरली' जवळजवळ. हार्डलीत नकार आधीच आहे, त्यामुळे त्याच्यासोबत 'नॉट'ही घालू नका.

प्रश्न : हिस्टॉरिक आणि हिस्टॉरिकल? (नांदेड)

इतिहासात महत्त्वाचं ठरलं ते हिस्टॉरिक, इतिहासाविषयीचं ते हिस्टॉरिकल. 17 सप्टेंबर 1948 हा मराठवाड्यासाठी हिस्टॉरिक दिवस. त्या काळचे कागद, फर्मानं, त्यावरची कादंबरी, हे सगळं हिस्टॉरिकल. इकॉनॉमिक आणि इकॉनॉमिकल यांचंही असंच : पहिलं आर्थिक, दुसरं काटकसरीचं किंवा स्वस्तात पडणारं. 'इकॉनॉमिकल प्रॉब्लेम्स' लिहू नका, ते 'इकॉनॉमिक'.

प्रश्न : मुख्याध्यापकाचा प्रिन्सिपल आणि तत्त्वाचा प्रिन्सिपल, स्पेलिंग कसं लक्षात ठेवू? (हिंगोली)

शेवट पाहा. माणूस पी-ए-एल, तत्त्व पी-एल-ई. कर्जाच्या कागदावर तिसराही असतो, मुद्दल, त्याचाही शेवट पी-ए-एल. हप्त्याच्या तक्त्यात तो रकाना आणि 'इंटरेस्ट'चा रकाना वेगळे वाचा; सुरुवातीच्या हप्त्यांत मुद्दलाचा आकडा लहान आणि व्याजाचा मोठा दिसतो, ती छपाईची चूक नसते.